विहिरीच्या पाण्याची प्लेट

सास्तूरहून पुण्याला निघाले तेव्हा उमरग्याच्या स्टँडपर्यंत दत्तानं मोटारसायकलवर सोडलं. दत्ता माझा धाकटा भाऊ. निघताना आण्णा, आमचे वडील, दारातून एवढंच म्हणाले, "पोचलीस की दत्त्याला फोन लाव. त्यो सांगंल आमाला." घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, तीही मायक्रोबायोलॉजीची, आणि माझी खुशाली घरात जाणार दहावी नापासाच्या तोंडून. पहिल्यांदा जळलं ते तिथंच.

लॅबमध्ये माझं काम मीडिया करायचं. मीडिया म्हणजे जंतू वाढवायचं खाणं, खरवसासारखं थिजलेलं, बशीएवढ्या प्लेटमध्ये ओतलेलं. काहींत पित्ताचे क्षार घालतात. ऐऱ्यागैऱ्या जंतूंना ते सोसत नाहीत, आतड्यातले तेवढे वाढतात. पहिल्याच महिन्यात मी एक मीडिया वाया घालवला. तो नुसता उकळायचा असतो; जास्त तापवला की जास्त चांगला, या घरच्या हिशोबानं मी तो प्रेशरमध्ये शिजवून काढला. त्याची निवडायची ताकदच गेली आणि नको ते सगळे त्यात उगवले. आता तेच काम मी नव्या पोरींना शिकवते, आणि त्या ऐकतात. तुमच्यातले जे गाव सोडून गेले त्यांना ठाऊक असेल, बाहेर आपलं ऐकायला लागले की घरी ऐकत नाहीत ते जास्त खुपतं.

गेल्या पावसाळ्यात आईला जुलाब लागले. उमरग्याला सलाईन लावावं लागलं. मी रजा काढून गेले आणि येताना आमच्या विहिरीचं पाणी निर्जंतुक बाटलीत, बर्फात घालून आणलं. दुसऱ्या दिवशी प्लेट आतड्यातल्या जंतूंच्या गुलाबी ठिपक्यांनी भरलेली. विहिरीत शेण-घाण उतरत होती. फोन लावला.

"आण्णा, पाणी उकळून प्या. अन् उकिरडा विहिरीपासून हलवा."

"बघू. दत्त्याला इचारतो."

"त्याला काय कळतंय त्यातलं? मी शिकलीय ना."

"शिकलीस गं बाई. पर हितं त्योच असतोय."

दोघांना शिकवायची ऐपत नव्हती. म्हणून तो नापास झाल्यावर त्याला परत बसवलं नाही, रानात घातलं. म्हणजे घरानं निवडून वाढवलं ते मला. तरी हेवा मीच करते. लाज वाटते, पण वाटतो तर वाटतो.

पंधरा दिवसांनी दत्ता लॅबच्या दारात उभा, हातात बर्फाचा थर्मास, आत विहिरीच्या पाण्याची बाटली. उकिरडा हलवला होता, विहीर उपसून ब्लीचिंग पावडर टाकली होती.

"आक्का, तुजं नाव सांगितलं तर आण्णा म्हणले, ती पुण्यात बसून बोलती. मग मीच म्हणलो, मला पाण्याला वास येतोय. लगीच उठले."

तो हसला. मला हसू आलं नाही. माझी खरी प्लेट चालली नाही, त्याचा खोटा वास चालला.

नव्या पाण्याची प्लेट कोरी निघाली. आमच्या कामात याहून चांगली बातमी नसते. आई फोनवर म्हणाली, "दत्तानं इहीर निर्मळ केली बघ."

"व्हय," मी म्हणाले.

घर म्हणजे आता माझ्यासाठी ती जागा, जिथं माझ्या शब्दाला दत्ताचं तोंड लागतं. मला ते सोसत नाही. तरी रिपोर्ट त्याच्याच फोनवर पाठवला आणि खाली लिहिलं, दर पावसाळ्यात पाण्याला वास येतोय म्हणत जा.