कोटाखालच्या दोन फळ्या

मावशीचा रुमाल उलगडून बघितला आणि डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठलेच.

"हे रक्त कधीपासून पडतंय?"

"रक्त नाही हो. पदौक आहे."

"काय आहे?"

"लाकूड. जहाजानं येतं. कापलं की गाजरासारखं दिसतं आणि भुसा हा असा लालभडक. नाक पुसलं की रुमालाची ही गत. पुढं लाकूड तपकिरी पडतं, रुमाल काही पडत नाही."

डॉक्टर खाली बसले. पण छातीला नळी लावल्यावर त्यांचा आवाज बदलला. "भुशातलं काम सोडा. हा खोकला सध्या पाहुणा आहे. अजून वर्षभर असंच चाललं, तर घरचाच होईल."

सव्वीस वर्षं मावशी परदेशी लाकडाच्या वखारीत फळ्या निवडते. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे मालकही तिला मावशीच म्हणतात. दहा झाडांच्या फळ्यांमधून ती अशा चोवीस काढते की लावलेली भिंत एकाच झाडाची वाटावी. वेंगे कोणतं, हे तिला लांबूनच कळतं. काळपट, बारीक रेघांचं, अगदी गरीब दिसतं. पण त्याचं कुसळ बोटात शिरलं की आठवडाभर ठणकतं. झेब्रावुडचे पट्टे बघून गिऱ्हाईक हरखतं, कारण कापताना सुटणारा तबेल्यासारखा वास त्याच्या वाट्याला येत नाही. एबनीचा तुकडा ती सरळ पाण्याच्या बादलीत टाकते. तळाला गेला, तर अस्सल, मग पुढचं बोलायचं.

वखारीच्या दर्शनी भागात नमुन्यांची खोली आहे. काचेची, बंद, आत एक खुर्ची आणि एक पंखा. भुसा नाही. ती खोली सांभाळणारे काका महिनाअखेर निवृत्त होणार होते. मावशीनं मालकांना विचारलं. सव्वीस वर्षांत मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

"देतो की," मालक म्हणाले. "आधी तेवढ्या पर्पलहार्टच्या चोवीस फळ्या बिनतक्रार जाऊ दे. मग खोली तुझी."

पर्पलहार्ट हे लाकूड मोठं लबाड. रंधा मारला की मळकट, राखाडी-तपकिरी दिसतं. नवखं गिऱ्हाईक म्हणतं, फसवलं. मग लाकडाला उजेड दाखवायचा. रोज थोडं थोडं करत आठ-दहा दिवसांत ते पिकल्या जांभळासारखं होतं. मावशीनं चोवीस फळ्या पारदर्शक पत्र्याच्या छताखाली मांडल्या. दर दिवसाआड त्या फिरवायच्या, एकीची सावली दुसरीवर पडू द्यायची नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिला थंडी वाजून आली. अंगातला कामाचा कोट काढून तिनं हाताशी होत्या त्या फळ्यांवर टाकला आणि ती घरी गेली. सहा दिवस ताप होता. सातव्या दिवशी सकाळी आली, कारण दुपारी चारला गिऱ्हाईक माल बघायला येणार होतं.

तिनं कोट उचलला. खाली दोन फळ्यांवर कोट होताच. जांभळ्या लाकडावर तपकिरी कोट, दोन बाह्या पसरलेला, कॉलरसकट.

रंधायंत्रावरच्या माणसाला सगळे सबुरी म्हणतात, कारण त्याच्यात ती औषधालाही नाही. मावशीनं त्याला हाक मारली.

"फळ्या फिरवायला सांगितल्या होत्या ना रे?"

"फिरवल्या की. बावीस."

"आणि या दोन?"

"त्यावर तुझा कोट होता. बाईमाणसाच्या कपड्याला हात कसा लावणार?"

"लाकडी दांड्यानं तरी उचलायचास!"

"ते सुचलं नाही बघ." तो वाकून बघू लागला. "पण कोट हुबेहूब उमटलाय. खिसासुद्धा आहे. दे इकडे, दोन्हींवर रंधा फिरवतो, पाच मिनिटांत साफ."

"आणि मग पुन्हा आठ दिवस उजेड कोण दाखवणार, तुझा काका? चारला माणूस येतोय."

"मग उलट्या घाल."

"खालची बाजू कच्ची आहे, रंधा न मारलेली."

सबुरीनं त्या दोन फळ्या उचलून बाजूला घेतल्या.

एक उपाय तिला माहीत होता. उष्णतेनंही हा रंग चढतो. तिनं गरम हवेची बंदूक आणली, गुडघ्यांवर बसली आणि कॉलरपासून सुरुवात केली. एका जागी थांबलं तर लाकूड करपतं, घाई केली तर रंग येत नाही. वितीवितीनं सरकायचं. धूर दिसत नव्हता, पण घशाला लागत होता. दर चार-पाच वितींनी ती बंदूक बाजूला धरून खोकायची, कपाळ पुसायची आणि पुन्हा वाकायची. नुसता कोट पुसून चालेना, कडा उठून दिसायला लागल्या. मग दोन्ही फळ्या टोकापासून टोकापर्यंत शेकल्या. साडेतीनला ती उभी राहिली, तेव्हा सबुरीनं न सांगता हात दिला.

गिऱ्हाईक चारला आलं. चष्मा कपाळावर, हात पाठीशी. मागोमाग मालक. सगळ्या फळ्यांवरून नजर फिरवत ते त्या दोन फळ्यांपाशी येऊन थांबलं. मावशीनं श्वास रोखला. नाहीतरी तो पुरा येतच नव्हता.

"या दोन वेगळ्या आहेत."

मालकांनी मावशीकडे बघितलं.

"रंग किती खोल आहे बघा यांचा," गिऱ्हाईक म्हणालं. "मला सगळ्या अशाच हव्यात. आणि वरच्या मजल्याच्याही. होतील ना?"

"होतील म्हणजे! आमची मावशी आहे!" मालक म्हणाले.

गिऱ्हाईक गाडीत बसल्यावर मालक परत आले. चेहरा फुललेला; शेकण्याचं सबुरीकडून कळलं होतं.

"मावशी, कमाल केलीस! ही युक्ती दुसऱ्या कुणाला जमायची नाही. खोलीचं मग बघू. तुला आता तिथे बसवून कसं चालेल? तिथे काय, कुणीही बसेल."

संध्याकाळी लेकीनं पाणी तापवून दिलं आणि समोर पाटावर बसली.

"झालं का? खोली मिळाली?"

"माल पसंत पडला."

"मी खोलीचं विचारतेय, आई."

मावशीनं सगळं सांगितलं. लेकीचा पारा चढत गेला.

"आणि तू काय म्हणालीस?"

"बरं म्हणाले."

"नुसतं बरं?"

"पुढचं बोलायला तोंड उघडलं, तर खोकला आला," मावशी म्हणाली. "तो थांबेपर्यंत ते निघून गेले होते."