बिनबाजाराचं इंजेक्शन

कुत्रं एकच होतं, चावलंही एकाच सकाळी, पण त्याचे किस्से दोन वर्षं झाली तरी संपत नाहीत! बंगळूरचे कॉलेजातले मित्र फोन करतात, "गावाला परत जाऊन काय केलंस?" असं विचारतात. मी मोठ्या उत्साहाने वाचनालयाचं सांगायला लागते आणि पाचव्या मिनिटाला इंजेक्शनांवर येते. वाचनालयाचे किस्से होत नाहीत. तिथे सगळे शहाण्यासारखे वागतात.

इंजेक्शनांत आम्ही चौघं होतो. वाणगाव स्टेशनातून रिटायर झालेले भास्करकाका. तलासरीच्या बाजाराला इको गाडी नेणारे दिनेशभाई. चिकूच्या वाडीत रोजाने जाणारी लखमी. आणि सहावीपासून बाहेर शिकून गाव सुधारायला परत आलेली मी.

आता काका मुलाकडे सुरतेला असतात. लखमीच्या घराला बहुतेक वेळा कुलूप असतं. परवा हायवेला दिनेशभाईंची गाडी समोरून गेली. त्यांनी हॉर्न दिला, मी हात केला, आणि तेवढ्यात गाडी लांब गेली.

*

दिवाळी नुकतीच झाली होती. बाजाराचा दिवस होता. नाक्यावर दिनेशभाईंची गाडी भरत होती आणि मी त्यांना कचऱ्याबद्दल सांगत होते. उघड्यावर टाकलेल्या खरकट्यामुळे कुत्री वाढतात, हे वाक्य अर्ध्यावर असताना माझ्या पोटरीला कुत्रं चावलं.

दिनेशभाई हसले. त्यांना चावलं.

काका छत्री उगारून धावत आले. त्यांना चावलं. लखमीच्या डोक्यावर टोपली होती, तिला खाली बघताच आलं नाही. तिच्या पावलाला चावलं.

मी सगळ्यांना हातपंपावर बसवून साबणाने पंधरा मिनिटं जखमा धुवायला लावल्या. काका पोटरी चोळता चोळता म्हणाले, "स्लो पॅसेंजर होती मेली! एक स्टेशन सोडलं नाही!"

मग त्याच गाडीतून, बाजाराच्या पिशव्या मांडीवर घेऊन, आम्ही तलासरीच्या सरकारी दवाखान्यात गेलो.

*

सिस्टरने चार कार्डं केली. दिवस शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस.

लखमी म्हणाली, "शून्य म्हणजे कायच नाय ना? मग आता टोचलंत ते काय?"

मी पुढे सरसावले. शून्यापासून मोजणं म्हणजे काय, ते फुटपट्टीचं उदाहरण देऊन समजावलं. लखमीने सगळं ऐकून घेतलं आणि बोटांवर मोजत स्वतःचा हिशोब केला. "सात म्हणजे पुढचा बाजार. चौदा म्हणजे त्याच्या पुढचा. अठ्ठावीस म्हणजे चौथा बाजार. बरोबर?"

"बरोबर!" मी खूश झाले.

"मग हा तीन कुठून आला? त्या दिवशी बाजार कुठाय?"

सिस्टर म्हणाली, बाजार असो नसो, यायचंच. खरं तर सगळ्यांचं तेच चुकतं, म्हणाली. बाजाराच्या दिवशी चावलं की लोक पुढच्या बाजारालाच उगवतात, मधलं इंजेक्शन राहून जातं.

त्या दिवसापासून त्याचं नाव 'बिनबाजाराचं इंजेक्शन' पडलं. तिसऱ्या दिवशी दिनेशभाईंनी रिकामी गाडी काढली, फक्त आम्हा चौघांसाठी. ना पिशव्या, ना कोंबड्या. काकांनी मागे पाय पसरले आणि म्हणाले, "स्पेशल ट्रेन!" तेवढ्या मोकळ्या गाडीतही आम्ही चौघं अगदी खेटून बसलो होतो.

*

कुत्रं चावलेला माणूस पाण्याला घाबरायला लागला की संपलं, हे सगळ्यांना ऐकून माहीत होतं. त्यामुळे काकांनी पाण्याची हजेरी सुरू केली. गाडीत बसलं की एक बाटली फिरायची. प्रत्येकाने बाकीच्या तिघांच्या देखत एक घोट प्यायचा.

"दिनेश?"

"प्यालो."

"मॅडम?"

"प्यायले. पण काका, याला शास्त्रीय आधार..."

"लखमी?"

एकदा लखमीला घोट घेताना ठसका लागला. दिनेशभाईंनी गाडी बाजूलाच घेतली! तिघं तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती डोळे पुसत म्हणाली, "पुलावर उडवलीत तुम्ही गाडी! आणि बघता माझ्याकडे!"

*

सिस्टरने दिनेशभाईंना बजावलं होतं, "कोर्स चालू आहे तोवर दारू बंद." दिनेशभाईंनी ते मनावर घेतलं. सातव्या दिवशी त्यांच्या बायको, जशूबेन, स्वतः दवाखान्यात आल्या. आम्हाला वाटलं, नवऱ्याला काही त्रास होतोय.

सिस्टरला कोपऱ्यात घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "बेन, पाचच का? वरसभर नथी मळतां?"

*

त्या सातव्या दिवसाच्या इंजेक्शननंतर मला ताप आला. दंड सुजला, डोकं ठणकायला लागलं, पांघरुणातही हुडहुडी भरली. लसीने असं होऊ शकतं, एक-दोन दिवसांत जातं, हे मीच सगळ्यांना सांगितलं होतं. पण वाचलेला ताप आणि आलेला ताप यांत फरक असतो.

होस्टेलात ताप आला की सिकरूममध्ये झोपायचं असे. तिथे स्वच्छ चादर होती, वेळेवर गोळी होती. कपाळावर हात नव्हता. मी अकरा वर्षांची असल्यापासून हे असंच चाललं होतं. त्यामुळे आई उशाशी येऊन बसली, तेव्हा मला कसं वागायचं तेच कळेना. मी तिला 'थँक्यू' म्हणाले.

मग म्हणे मी तापात इंग्रजीत बोलत सुटले. आई घाबरली. तिने लखमीला बोलावून आणलं, कारण तिलाही तेच इंजेक्शन दिलेलं. लखमीच्या पिशवीत तिने करून आणलेली तांदळाची पेज होती. तिने थोडा वेळ माझी इंग्रजी ऐकली.

"काय म्हणते गं ही?" आईने विचारलं.

"ताप बोलतोय तो. उतरला की आपलं बोलंल."

पहाटे घाम आला आणि मी मराठीत पाणी मागितलं. आईने आधी देवाला हात जोडले, मग तांब्या दिला. तेवढं आजारी पडणं मला पुन्हा कधी जमलं नाही.

*

चौदाव्या दिवसाचं टोचून झालं आणि दोन दिवसांनी लखमी नवऱ्याबरोबर कामाला निघाली. भिलाडच्या पलीकडे कुठेतरी बिल्डिंगचं काम होतं. तिच्या कार्डावर चार खुणा झालेल्या, एक कोरी.

मी धावत टेम्पोपाशी गेले. शेवटचं इंजेक्शन का महत्त्वाचं, ही लागण झाली तर औषध नाही, मध्येच सोडलेला कोर्स म्हणजे काय, सगळं सांगितलं. तेरा वर्षं बाहेर राहून मी जे काही शिकले होते, ते त्या एका टेम्पोच्या फळीवर ओतलं.

लखमी वरून म्हणाली, "मॅडम, कुत्रं चावलं तेव्हापण तुम्ही बोलतच होता!"

टेम्पो सुटला. तिच्या नवऱ्याचा नंबर मी लिहून घेतला होता. तो दुसऱ्या दिवसापासून बंद लागायला लागला.

*

अठ्ठाविसाव्या दिवशी आम्ही तिघं नऊ वाजता दवाखान्यात पोचलो. नेहमीची सिस्टर रजेवर होती, एक नवी सिस्टर बसली होती. ती म्हणाली, "चला, कोण पहिलं?"

काका म्हणाले, "चौथा डबा यायचाय."

साडेदहा वाजले. बाजाराच्या बसगाड्या येऊन रिकाम्या होत होत्या. एकीतूनही लखमी उतरली नाही. मी बाकावरून उठून तीन वेळा फाटकापर्यंत गेले. नवी सिस्टर म्हणाली, "अहो, तुमचं तरी घ्या." दिनेशभाईंनी खिशातून चावी काढली आणि म्हणाले, "चालो." जाता जाता मी सिस्टरला सांगितलं, "लखमी आली तर बसवून ठेवा, आम्ही तिलाच शोधायला चाललोय."

गाडी हायवेला लागली. गुजरातची बॉर्डर ओलांडली. दिसेल त्या बांधकामापाशी दिनेशभाई उतरून गुजरातीत विचारायचे, मी मराठीत, आणि काका गाडीतूनच हाक मारायचे, "लखमी! ओ लखमी!" तीन ठिकाणी नाही म्हणाले. चौथ्या ठिकाणी तिचा नवरा विटा उतरवत होता. मी त्याच्या अंगावरच गेले, "लखमी कुठाय?"

तो गोंधळून म्हणाला, "सकाळीच गेली की. आज चौथा बाजार नाय का?"

दिनेशभाईंनी गाडी अशी वळवली की काकांची टोपी माझ्या मांडीवर आली. दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. लखमी पायरीवर बसली होती, कार्ड पदराच्या गाठीत. तिची बस वाटेत बंद पडली होती, म्हणून उशीर झाला होता. नवी सिस्टर दारात उभी, पुरती वैतागलेली.

"तुमचीच का ही? तासभर सांगतेय, टोचून घे आणि जा. नाहीच म्हणते. माझी माणसं मला शोधायला गेलीत, ती आल्याबिगर घ्यायची नाय म्हणते."

सिस्टरने एकदा काकांच्या टोपीकडे बघितलं, एकदा दिनेशभाईंकडे, एकदा माझ्या जीन्सकडे.

"नातं तरी काय तुमचं? कोण लागता तुम्ही हिचे?"

लखमी पायरीवरून उठली, बाही वर केली आणि म्हणाली,

"आम्ही एका कुत्र्याची!"