बुटातले तांदूळ

कचेरीतून आली की ती आधी चहा विचारायची नाही. उंबऱ्यापाशी स्टुलावर बसायची, पट्टे सोडायची आणि डाव्या बुटात मनगटापर्यंत हात घालून आतलं अस्तर चाचपायची. मग माझ्याकडं बघून म्हणायची, "रडतोय अजून." पावसाळाभर रोज हेच. चहा त्यानंतर.

मंगळवार पेठेत एका म्हातारीच्या घरात पुढची खोली आम्ही दोघींनी मिळून भाड्यानं घेतली होती. दोघीही एकाच सरकारी कचेरीत टायपिस्ट. सत्तर सालच्या आसपासची वर्षं असतील. लहानपणी पोलिओ होऊन तिचा डावा पाय बारीक राहिलेला. गुडघ्यापर्यंत लोखंडी पट्ट्या आणि त्या जिथं अडकवायच्या तो कातडी बूट, एवढ्यावर तिचं चालणं होतं. बूट मिरजेला माप देऊन शिवलेला, दुसरा करून मिळायचा तर वर्ष जायचं. हा बूट पायात नसला की ती घरात अडकायची. आणि ओला तसाच घातला तर सालटी निघायची. त्या पायाची जखम लवकर भरत नाही, जपा, असं डॉक्टरांनी तिला बजावलेलं होतं.

लोकांना सल्ले द्यायला काय जातंय? "रिक्षानं जावा की." पाऊस लागला की आमच्या गल्लीत रिक्षा कुणी बघितली होती का ते सांगा. "वरनं प्लॅस्टिकची पिशवी बांधा." बांधली, आणि कोपऱ्यावरच्या चिखलात पाय घसरून अशी आपटली की आठवडाभर कूस बदलता येईना. "शेगडीपुढं ठेवा." अहो, जाळापुढं ठेवलं की कातडं तडकतं, असं मिरजेच्या कारागिरानं निक्षून सांगितलं होतं. हे सगळं ती प्रत्येकाला न चिडता समजावून सांगायची. मी असते तर एकेकाला गल्लीच्या टोकापर्यंत पळवला असता.

शेवटी तिनं स्वतःच शोध लावायचं ठरवलं. पट्ट्या अडकवता न येणारा जुना, टाचा झिजलेला जोड माळ्यावरनं काढला. "ही आपली उंदरं," म्हणाली. दोन्ही बूट बादलीत बुचकळायचे, एकात एक वस्तू भरायची, दुसऱ्यात दुसरी, आणि सकाळी हात घालून निकाल सांगायचा. राख भरली तेव्हा बूट बरा वाळला, पण झटकून झटकूनही राख सरेना आणि मोजे कायमचे काळे झाले. शेगडीचा भुस्सा अस्तरात शिरून टोचायला लागला. मिठानं तर उलटंच केलं, हवेतलंच पाणी ओढून घेतलं आणि कातड्यावर पांढरे नकाशे उठवले. चुरमुरे मऊ पडले, त्यावर मुंग्यांची जत्रा. रद्दी सगळ्यांत भली, पण एकसारखी बदलत बसावी लागायची. एकदा तिनं तळपाय वर करून मला दाखवला. शाई उमटली होती. "वाच, अग्रलेख हाय," म्हणाली.

मग तांदूळ. आधी रद्दीनं वरचं पाणी टिपून घ्यायचं, मग तव्यावर कोमट केलेले तांदूळ जुन्या मोज्यात भरून, तोंड बांधून आत ठेवायचे. त्या सकाळी तिनं आत हात घातला. बूट घेऊन माझ्याजवळ आली, माझा हात धरून आत घातला. कोरडा होता. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत बसलो.

नेमकी तेव्हाच घरमालकीण भाजी निवडायचं सूप घेऊन दारात आली.

"काय गं ते मोज्यात?"

"तांदूळ, मावशी."

"लक्ष्मीला पायतानात घालतीस व्हय?"

"लक्ष्मी पायाशी आली तर मी कशाला न्हाय म्हणू?"

झालं. मावशींनी नळावर सांगितलं आणि नळावरनं ते पेठभर गेलं. तेच तांदूळ आम्ही परत शिजवून खातो, असंही कुणीतरी वर चिकटवलं. मी नळावर जाऊन भांडले. चांगली कडकडून भांडले, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. ती मात्र खोलीत बसून मोजा शिवत होती. "जाऊ दे की. त्यांच्या घरात अन्नाला पाय लागला तरी नमस्कार करत्यात. त्यांचंबी चुकत न्हाय," म्हणाली.

दोन-चार दिवसांनी मावशींनीच दारात एक डबा आणून ठेवला. गव्हाचा कोंडा होता. "ह्यो घाल. म्हशीचा हाय," म्हणाल्या. "म्हस काय बोलायची न्हाय." तांदळाइतका नाही, पण कोंड्यानंही बूट वाळायचा. त्यानंतर तिनं कोंडाच वापरला आणि मावशी रोज सकाळी विचारून जायच्या, वाळला का गं म्हणून.

पण पेठेतली गोष्ट कचेरीत पोचली होती. आणि ऐन जुलैत तिच्या बदलीचा हुकूम निघाला. आजरा. आजऱ्याचा पाऊस तुम्ही बघितला नसेल तर सांगून कळायचा नाही. तिथं भिंतींना घाम फुटतो, कपाटातल्या कपड्यांना बुरा येतो. तिथं कोंडाच ओला व्हायचा, बूट कुठला वाळतोय? ती साहेबांच्या खोलीत गेली, सोबत मीही गेले. हेडक्लार्क आणि आणखी दोघं तिथंच होते.

"साहेब, चार महिने माझा बूट वाळायचा नाही तिथं. पावसाळ्यानंतर पाठवा, कुठंही जाते."

साहेब हेडक्लार्ककडं बघून हसले. "अहो बाई, आजऱ्याचा तांदूळ नामांकित आहे. बुटात भरायला हवा तेवढा मिळेल."

हसले सगळे. कोण कोण हसलं ते मी आजही नावानिशी सांगेन.

तिनं खुर्ची ओढली आणि बसली. वाकून एकेक पट्टा सोडायला लागली. त्याला वेळ लागतो. निम्मे पट्टे सुटले तोवर हसणं थांबलं होतं. तिनं पट्ट्यांसकट बूट उचलला आणि साहेबांच्या टेबलावर, बदलीच्या हुकुमावर ठेवला. पाणी कागदात पसरत गेलं.

"घाला हात आत," ती म्हणाली.

साहेबांनी हात मांडीखाली घेतला, खरंच घेतला. "बाई, हे काय चालवलंय? बूट घाला आधी."

"ओला हाय, साहेब. वाळला की घालतो आणि जातो."

आणि ती तिथंच बसली. बारीक, निळसर पडलेला पाय उघडा टाकून कचेरी सुटेपर्यंत बसली. साहेब उठून हेडक्लार्कच्या टेबलाशी गेले. शिपायानं न सांगता तिला चहा आणून दिला. संध्याकाळी बूट होता तसाच ओला होता. तिनं तो तसाच चढवला आणि पावसातनं घरी चालत आली.

हुकूम रद्द झाला. कचेरीत लोकांनी पाठ थोपटली, मावशींनी शिरा केला. पण त्या रात्रीच घोट्याखाली फोड आला होता. मी म्हटलं, चार दिवस रजा टाक. ऐकेल ती कसली? "आता घरात बसलो तर म्हणतील, बघा, जमत न्हाय तिला." फोड फुटला तरी ती जात राहिली. मी तिच्यावर ओरडले, बूट लपवून ठेवला, तर रांगत जाऊन शोधून काढला. राग यायचा हो मला तिचा, अजून येतो. पायात पू झाल्यावर मिरजेला नेली. डॉक्टरांनी बूट बंद केला. सहा महिने म्हणाले, त्याचं वर्ष झालं. रजा संपली, मग बिनपगारी संपली, मग कचेरीनं कामाला लायक असल्याचा डॉक्टरांचा दाखला मागितला. डॉक्टर लिहून देईनात. बाई नोकरीस लायक नाहीत, असं टाइप करायला कागद माझ्याच टेबलावर आला. मी नाही म्हटलं. दुसऱ्यानं केला. खाली सही त्याच साहेबाची होती.

ती पेठ वडगावला भावाकडं गेली. मी अधूनमधून जायचे. भाऊ-भावजय चांगले होते, पण पायात पूर्वीचा जोर परत आला नाही. भिंतीला धरून अंगणापर्यंत, तेवढंच चालणं. बूट फळीवर ठेवलेला, वाळून लाकूड झालेला. एकदा बोलता बोलता तिनं विचारलं, "साहेब काय करत्यात आता?"

"रिटायर झाला. रोज सकाळी रंकाळा तलावाला फेरी मारतो."

"पुरी?"

"पुरी."

"लांब हाय की ती," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती. मला मात्र तिथं बसवेना. मी पाणी प्यायचं निमित्त करून आत गेले.

तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो अजून फिरतो. रंकाळ्यावर समोरासमोर आलो की ओळखीचं हसतो आणि विचारतो, "काय बाई, बरं आहे ना?" मी थांबते. त्याच्या पायांकडं बघते, आणि तो पुढं निघून जाईपर्यंत तिथंच उभी राहते.