हा कोण तुझा?

साहेबानं घंटी दाबली. शिपायाले म्हणे, "फिनाईल आण. हा उभा होता तेवढी फरशी पुसून घे."

हा म्हणजे माहा बाप. आम्ही सावली तालुक्यातले, तळ्यात मासे धरून पोट भरणारे. तळ्याच्या ठेक्यावर या साहेबाची सही झाली होती. आमच्यात हंगामाच्या पहिल्या जाळ्यातला मासा मोठ्या माणसाले देतात, मान म्हणून. बाबानं भोळेपणानं तो पळसाच्या पानात बांधला अन् थेट ऑफिसात नेऊन फायलींजवळ ठेवला.

"लाच देतोस? तीही सडकी?" साहेबानं पुडकं खिडकीबाहेर फेकलं.

मी नववीत होती. दाखल्याचा अर्ज घेऊन दारातच उभी. साहेबानं मले पाह्यलं. "हा कोण तुझा?"

"कोणी नाई सर. मी दाखल्यासाठी आली."

हे मी म्हटलं. माह्या तोंडानं. बाबा तिथीच उभा होता.

परतताना बसमध्ये तो म्हणे, "बरं केलं पोरी. नाईतर तुयावरही खेकसला असता."

दोन थापडा मारल्या असत्या तं बरं झालं असतं. बाबाले जाऊन तीन वर्षं झाली. जेवता जेवता ते 'बरं केलं' आठवते अन् घास उतरत नाई.

आता चंद्रपुरात खोली करून लोकप्रशासन शिकून राह्यली. साहेब व्हायचं आहे. प्रशासन म्हणजे लोकांची सेवा, असं पुस्तकात आहे. त्या पानावर आली का मले फिनाईलचा वास येते.

मागच्या महिन्यात क्लासमध्ये मुलाखतीची तालीम होती. समोर एक निवृत्त अधिकारी. "वडील काय करत होते?"

"तळ्यात मासे धरत."

"शेतकरी सांगा. बोर्डाला बरं वाटतं. आणि ते मले-तुले गावाकडे ठेवून या."

मागची पोरं हासली. माही जीभ 'हो सर' म्हणायले तयारच होती. तिले सवय आहे.

"नाई सर," मी म्हटलं. "एकदा नाकारलं मी त्याले. आता नाई."

"मार्क जातील."

"जाऊ द्या."

बाबानं मले कवाच माफ केलं असन. मी नाई केलं, करणारही नाई. पेपर देईन, पडली तं पुन्हा देईन, वयाची अट संपेपर्यंत देत राहीन. पण बाप लपवून पास व्हायचं नाई.