कोंबडी कुठे होती

माझा मामा तीस वर्षं मालवाहू जहाजांवर होता. डेकवरच्या खलाशांचा मुकादम. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी आपलं घर हलत नाही यावर त्याचा विश्वास बसलेला नव्हता. टेबलावर कप ठेवण्याआधी तो फडकं ओलं करून, पिळून अंथरायचा. जहाज कललं तर कप घसरू नयेत म्हणून! दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात कसल्या लाटा, असं मी विचारलं की म्हणायचा, "समुद्राचा काय नेम!"

दर गुरुवारी चारच्या ठोक्याला बोल्टकाका यायचे. ते मामाच्याच जहाजावर इंजिनरूममध्ये फिटर होते. बुटके आणि जाडजूड, म्हणून बोल्ट. मामी गेल्यापासून मामाचा आठवडा गुरुवारी सुरू व्हायचा आणि गुरुवारीच संपायचा. बाकीचे सहा दिवस तो खिडकीशी बसून आकाशाकडे बघत हवामान ठरवायचा. ऐकायला कोणी नसायचं.

डेकवाले आणि इंजिनवाले म्हणजे विळ्याभोपळ्याचं सख्य.

"तीस वर्षं तळघरात काढलीस. समुद्र पाहिलास का कधी?" मामा सुरू करायचा.

"तुमच्यासारखं रंगाचा डबा घेऊन हिंडायला वेळ होता कुणाला?" बोल्टकाका.

मग कोंबडी यायची. कप्तानाला रोज ताजं अंडं लागायचं, म्हणून एका बंदरात त्याने जिवंत कोंबडी घेतली. वादळात तिचा पिंजरा फुटला आणि कोंबडी तीन दिवस बेपत्ता. चौथ्या दिवशी मामाने ती कप्तानाच्या हातात दिली, आणि कप्तानाने सगळ्यांसमोर मामाची पाठ थोपटली. इथपर्यंत दोघांचं एकमत. मामाच्या म्हणण्याप्रमाणे कोंबडी डोलकाठीच्या टोकाला दिव्याला बिलगून बसली होती आणि तो भर वाऱ्यात कमरेला दोर बांधून वर चढला.

"खोटं!" बोल्टकाका टेबलावर थाप मारायचे. "माझ्या गरम पाइपावर बसली होती. मी धरली, चिंधीत गुंडाळली आणि तुझ्या हातात दिली. तू फक्त जिना चढलास."

वीस वर्षं हेच. डोलकाठी दरवर्षी वीतभर वाढायची. मी चहा गाळताना मनात म्हणायचे, देवा, ती कोंबडी तेव्हाच कापली असती तर!

मागच्या हिवाळ्यात बोल्टकाका दवाखान्यात भरती झाले. मी मामाला घेऊन गेले. काकांचा आवाज पार बसला होता, पण मामाला बघताच ते म्हणाले, "आता तरी कबूल कर. कुठे होती?"

"बरा होऊन ये, मग सांगतो," मामा म्हणाला.

मला त्याचा असा राग आला! मरणाच्या दारातल्या माणसाला एवढं सुख द्यायला काय जात होतं? सोमवारी बोल्टकाका गेले.

मग दर गुरुवारी मी जायला लागले. मामा ओल्या फडक्यावर दोन कप मांडायचा. मी समोरच्या खुर्चीत बसायचे, हसण्याच्या जागी हसायचे, मान डोलवायचे. आपण म्हाताऱ्याचं केवढं करतो, असं मला वाटायचं. मामाची गोष्ट मात्र दर गुरुवारी आखूड होत गेली. एकदा तो कमरेला दोर बांधून डोलकाठीच्या अर्ध्यावर पोचला आणि थांबलाच.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे काय, तुला सगळं पटतंच आहे." त्याने कप सरकवला. "तू नको येत जाऊस गं. तुलाही घरदार आहे."

मला ते लागलं. घरची कामं टाकून मी येते आणि हा मला जायला सांगतो! मी रागाने टेबलावर थाप मारली. "खोटं! कोंबडी पाइपावर होती!"

मला वाटलं, आता मामा चिडणार.

"पाइपावरच होती," तो म्हणाला. "त्यानेच धरली. मी नुसता जिना चढलो."

"मग कबूल का नाही केलंस? त्या दिवशी तरी सांगायचंस! किती वाट बघत होते ते."

"म्हणून तर नाही सांगितलं." मामा फडक्याची घडी नीट करत बसला. "वीस वर्षं तो दर गुरुवारी तेवढंच ऐकायला यायचा. मला वाटलं, नाही सांगितलं तर येईल."