जांघ म्हणायचं कोणी?

लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि धुळ्याच्या आमच्या घरात पुरणाच्या मांड्यांचं खापर माझ्या हाती आलं होतं. जळगावात वाढलेली, कॉलेज शिकलेली सून पुरणाचा उंडा हातांवर फिरवत पंचाएवढा करते आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद टाकते, हे बघायला गल्लीतल्या बायका मुद्दाम यायच्या. मी बघू द्यायची. नम्रता माझ्या अंगात कधीच फारशी नव्हती.

धाकट्या नणंदेचं लग्न तीन आठवड्यांवर आलं आणि माझा उजवा पाय बिनसला. चुलीपुढे एक पाय मुडपून बसायचं, बाजूच्या परातीतून उंडा उचलायचा, कमरेत वळून खापरावर टाकायचा. सराव म्हणून दोन दिवस मी हेच करत होते. तिसऱ्या दिवशी उठताना जांघेत अशी कळ आली की भिंत धरून उभी राहिले. पाऊल टाकलं की खोल आत काहीतरी चावायचं. मांडी घालणं तर विसराच.

आमचे सासरे, म्हणजे आबा, घरचे वैद्य. नोकरी तलाठ्याची, पण औषध सांगताना त्यांना कधी शंका आली नाही. ओसरीवर चार पाहुणे बसलेले असताना त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "कोठे दुखस वं, सूनबाई?"

आता तुम्हीच सांगा, सासऱ्यांपुढे, पदर सावरत, जांघ हा शब्द कोणत्या तोंडाने काढायचा? आमच्या घरात बाईच्या अंगाला डोकं होतं, पोट होतं, फार तर कंबर होती आणि तिथून थेट गुडघा. मधला मुलूख कुणाच्या नकाशावरच नव्हता. मी म्हटलं, "गुडघा."

मग त्या निरपराध गुडघ्याचे हाल सुरू झाले. आधी एरंडाची गरम पानं, मग तापल्या वाळूची पुरचुंडी, शेवटी बिब्बा. बिब्बा उतला आणि गुडघ्यावर टपोरे फोड आले. आधी मी एका कारणाने लंगडत होते, आता दोन कारणांनी लंगडू लागले. औषध लागू पडतंय असं वाटून आबा खूश झाले. म्हणाले, "आते गुन ई ऱ्हायना."

आठ दिवसांनी मात्र त्यांचाही धीर सुटला. "साक्रीवालीले बलाई ल्या," असा हुकूम निघाला. साक्रीची ती बाई लग्नकार्यात मांडे करायला जायची. घरात मी असताना नणंदेच्या लग्नात बाहेरची बाई खापरापुढे बसणार! खरं सांगते, हे जांघेपेक्षा जास्त झोंबलं. त्या दुपारी मी मोरीत जाऊन रडले आणि नवऱ्याला म्हटलं, मला खऱ्या डॉक्टरकडे ने.

डॉक्टरांपुढे नवरा शेजारीच, म्हणून तिथेही मी "गुडघा" म्हणाले. सवय वाईट. डॉक्टरांनी फोड पाहिले. "हा गुडघा भाजलाय," ते म्हणाले, "दुखणारा कुठाय?" मला उताणं झोपवलं, पाय गुडघ्यात वाकवून वर घेतला आणि हळूच आत वळवला.

"जांघ!" मी किंचाळले. पडद्यापलीकडे बाकावर बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं.

डॉक्टर हसू दाबत म्हणाले, "हां, आता ओळख झाली. लोक खुबा म्हणून कुल्ल्याच्या बाजूला हात लावतात, पण तो सांधा आत असतो, त्याचं दुखणं जांघेत येतं. कधी तर खाली गुडघ्यापर्यंत उतरतं, आणि माणूस बिचाऱ्या गुडघ्यालाच चोळत बसतो." फोटो काढला, हाड ठीक होतं. बसून, वळून सांध्यावर आणि तिथल्या स्नायूंवर ताण आला होता. थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या. झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी, दिवसातून दोनदा ती उशी गुडघ्यांनी दाबायची, टाच सरकवत पाय जवळ घ्यायचा, दुखेल इतकं ताणायचं नाही. ताप आला किंवा पायावर भारच देता येईना, तर लगेच यायचं.

"आणि दीड महिना जमिनीवर बसायचं नाही."

"मग मांडे?"

"तुमच्या घरी गॅसच्या ओट्यावर पोळ्या बसून करता का?"

नवऱ्याने साक्रीचा निरोप थांबवला आणि दुसऱ्याच दिवशी विटा आणल्या. मागच्या अंगणात माझ्या कमरेएवढी चूल रचली, शेजारी परातीला टेबल. लग्नाच्या दिवशी मी पदर खोचून उभी राहिले. पाय थोडा कुरकुरत होता, पण सोसवत होतं. एक म्हातारी तोंडावर हात ठेवून म्हणाली, "हाई काय शे? उभी राहीसन मांडा?" मी पहिला मांडा असा पातळ काढला की तिला तिच्याच पानात गप्प बसून खावा लागला. साक्रीला निरोप गेला नाही ते बरंच झालं.

पंगत उठत आली तेव्हा सासूबाई हळूहळू माझ्याजवळ आल्या. इकडे तिकडे पाहिलं आणि कानाशी लागल्या. "तो डाक्टर मंगयवारले बठस का?"

"बसतात. कोणाला दाखवायचंय?"

"माले. गुडघा दुखस."

हातावर मांडा तसाच धरून मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या चुलीकडे बघत होत्या. मी आवाज खाली आणून विचारलं, "गुडघाच ना, आई?"

त्यांनी चुलीतलं एक लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "वीस वरीस व्हई गयात. तुना सासराले सांगू नको."

सहा वर्षं मी रोज संध्याकाळी त्यांच्या गुडघ्याला तेल चोळत होते, आणि त्याही मुकाट्याने चोळून घेत होत्या. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि हातावरचा मांडा मधोमध फाटला. खापरावर टाकून तसाच भाजला आणि आम्ही दोघींनी तो तिथेच, उभ्या उभ्या खाल्ला.