मागसावली

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. जिच्यापासून माझं काही लपत नाही, त्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही — म्हणूनच असेल.

मी शिनोलीची. घरातली पहिली पदवीधर. मंचरला मराठी शिकवते आणि तास संपले की वाचनालयात जाते. तिथल्या मागच्या कपाटात जुनी संगीत नाटकं आहेत — पुठ्ठे गेलेली, कसर लागलेली, काहींना तर पहिलं पानच नाही. राजाच्या स्वयंपाकघराला मुदपाकखाना म्हणतात, हे मला तिथं कळलं. 'अंमळ थांबा' हेही तिथलंच. किती मऊ थांबवणं! भुईमूग उपटून झाल्यावर मातीत राहिलेली शेंग बोटांना लागावी, तसं व्हायचं. असा शब्द सापडला की मी पुढं वाचायचीच नाही. तो मनात घोळवत घरी जायची.

वाचनालयानं दाराजवळचा फळा मला दिला. दर सोमवारी एक जुना शब्द, त्याचा अर्थ आणि तो कुठून घेतला ते लिहायचं. वकील वाचायचे, बाजाराला आलेली माणसं वाचायची. 'शब्दवाल्या मॅडम' म्हणायची. मला ते आवडायचं — नको इतकं आवडायचं.

एका सोमवारी माझ्याकडे शब्दच नव्हता. आठवडा पेपर तपासण्यात गेला होता. खडू हातात, मागे दोघं-तिघं उभे. मी लिहिलं — मागसावली. दुपार कलल्यावर घरी परतण्याची वेळ. आणि खाली...

खाली लिहिलं, 'एका जुन्या संगीत नाटकातून.'

तो शब्द कुठल्याच नाटकात नाही. तो माझ्या आईचा आणि तिच्या दोन जावांचा आहे. आमचं रान पूर्वेला, घर पश्चिमेला. दुपारनंतर घराकडं निघालं की ऊन तोंडावर येतं आणि सावली मागं पडते. 'मागसावली झाली, चला गं,' असं म्हणत त्या खुरपी गोळा करायच्या. 'आईकडून' एवढंच लिहायचं होतं. काय झालं असतं? फळा वाचणारे हसले असते? कुणी हसलं नसतं, असंच आज वाटतं.

शब्द लोकांना फार आवडला. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला मला बोलावलं, आणि मी आईला घेऊन गेले. नवं लुगडं नेसून ती पहिल्या रांगेत बसली. एका निवृत्त गुरुजींनी भाषणात या शब्दाचं फार कौतुक केलं. असे शब्द आता कुठे राहिलेत, म्हणाले.

आई बसल्या जागेवरून म्हणाली, "आवं गुरुजी, ह्यो तर आमचा शब्द हाय. आमी रानात म्हनतो."

लोक हसले. वाईट नाही, प्रेमानंच हसले. गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. "खरं का, मॅडम?"

अजूनही सगळं सावरता आलं असतं. एका 'हो'नं. मी म्हणाले, "मी घरी नाटकं मोठ्यानं वाचते ना. आईनं तिथंच ऐकलाय."

पुन्हा हसले सगळे. आईसुद्धा हसली. पदर सारखा केला.

परत येताना जीपमध्ये आम्ही शेजारी होतो. घोडेगाव मागं पडलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "तू जलमायच्या आदी आमी म्हनत व्हतो. तवा आमाला कुनी वाचून दावलं व्हतं, गं?"

रागानं नाही. खरंच विचारत होती.

गुरुजींनी नंतर जुन्या शब्दांची पुस्तिका छापली. त्यात तो शब्द आहे, नाटकातला म्हणून, आणि आभारात माझं नाव. माझ्याच वर्गातल्या मुली तो निबंधात लिहितात आणि मी लाल पेनानं त्यापुढं 'छान' लिहिते. दर सोमवारी खडू हातात घेऊन त्याच फळ्यासमोर उभी राहते. खरं लिहायला किती जागा लागेल? एक ओळ. ती मी कितीतरी सोमवार लिहिलेली नाही. आता जुनी नाटकं उघडते तेव्हा शब्द सापडल्याचा आनंद होत नाही — कुणाचा असेल हा, एवढंच डोक्यात येतं, आणि मी पान उलटते.

गेल्या महिन्यात रानात गेले होते. ऊन तोंडावर आलं. आईची, धाकट्या चुलतीची, माझी — तिघींच्याही सावल्या मागं लांब पडल्या होत्या. आईनं खुरपं झटकलं आणि सावलीकडं पाहिलं. मी वाट पाहत होते.

"चला," ती म्हणाली. "साडेचार वाजलं असत्याल."